रंग की इंजिन?

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की आमच्या घरात एक वाद हमखास होतो. भिंतीला रंग द्यायचा की भिंतीत मुरणारे पाणी थांबवायचे, हा तो वाद. आमच्या न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर दर पावसाळ्यात ओल येते. श्रावणात ती बशीएवढी असते, भाद्रपदात ताटाएवढी होते आणि नवरात्रापर्यंत तिला आफ्रिका खंडाचा आकार येतो. मग रंगारी येतो, आफ्रिका खरवडतो, तिच्यावर लांबी भरतो, रंगाचे दोन हात मारतो आणि पैसे घेऊन जातो. चार दिवस घर कसे हसते. फराळाला आलेली मंडळी म्हणतात, "वा! नवंच वाटतंय की घर!" आणि पुढच्या श्रावणापर्यंत आम्हीही तसेच समजून चालतो.

भिंतीतला नळ गळतो आहे आणि फरशी उकरल्यावाचून तो सापडायचा नाही, हे घरात सर्वांना ठाऊक आहे. पण उकरलेली फरशी पाहुण्यांना दाखवता येत नाही. रंग दाखवता येतो. तेव्हा दरवर्षी रंगाची सरशी होते.

यंदा मात्र हा वाद भिंतीवरून उठला आणि मोटारसायकलवर जाऊन बसला.

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना आमच्या घरची मंडळी ठाऊक आहेत. परंतु एका सभासदाविषयी मी आजवर एक अक्षर लिहिलेले नाही. गेली पंधरा-सोळा वर्षे तो जिन्याखाली ताडपत्री पांघरून निजला होता. लिहिले नाही याला कारण होते. ते पुढे येईलच. हा सभासद म्हणजे आमची जावा मोटारसायकल. तीर्थरूप नानांनी ती १९६८ साली घेतली. प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढले, ते पुरेना म्हणून आईने हातातली एक पाटली काढून दिली. "दोन चाकं आली आणि एक पाटली गेली," असे ती पुढे आयुष्यभर म्हणत असे. पण मागच्या सीटवर बसताना तिचा चेहरा काही पाटली गेलेल्या बाईसारखा दिसत नसे.

जावा म्हटले की पुष्कळांना इंडोनेशियातले बेट आठवते. लहानपणी मलाही आठवे. नाना मात्र दर पाहुण्याला गाठून खरा खुलासा करीत. चेकोस्लोव्हाकियातले कारखानदार फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ साली वांडरर या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलचे हक्क घेतले. दोन्ही नावांची पहिली अक्षरे रोमन लिपीत जोडली, ती जावा. आपल्याकडे म्हैसूरच्या कारखान्यात १९६१ पासून या गाड्या तयार होऊ लागल्या. पुढे सत्तरीच्या दशकात त्याच घराण्याच्या गाड्यांना येझ्दी हे नाव मिळाले आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. २०१८ साली जावा हे नाव नव्या गाड्यांवर पुन्हा आले. पण त्यांचे इंजिन फोर-स्ट्रोक. आमची जुनी टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्येच ऑइल मोजून मिसळायचे. ते पेट्रोलबरोबर इंजिनात जाते, वंगण देते आणि निळसर धूर होऊन मागून निघून जाते. एकच सिलिंडर, पण त्याला दोन सायलेन्सर, दोन्ही अंगांना एकेक. ज्या दांड्याने किक मारायची, तोच दांडा पुढे पाडला की गिअरचा दांडा होतो. एकाच पात्राकडून दोन भूमिका करून घेण्याची ही नाटक कंपनीतली युक्ती नानांना फार आवडे.

तर झाले असे. आमच्या कन्येचे लग्न येत्या मार्गशीर्षात ठरले आहे. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जुन्या जावा-येझ्दीवाल्यांचा मेळा असतो. तो तिने रस्त्यात पाहिला आणि घरी येऊन जाहीर केले, "बाबा, मी आजोबांच्या जावावरून कार्यालयात येणार. तू चालवायचीस."

मी नुकताच बँकेतून निवृत्त झालो आहे. निवृत्त माणसाला असे कोणी काही करायला सांगितले की त्याला पुन्हा बढती मिळाल्यासारखे वाटते. मी तत्काळ हो म्हणालो. आमच्या हिनेही, आश्चर्य म्हणजे, विरोध केला नाही. तिने फक्त अंदाजपत्रक मांडले. "चाळीस हजार. त्यावर एक पैसा मिळणार नाही. लग्नघर आहे."

आता चाळीस हजारांत काय होते? चौकशी केली तेव्हा कळले की त्यात रंग, क्रोम आणि सीट असा सगळा शृंगार होतो. किंवा इंजिन आणि त्याचे सोबती होतात. दोन्ही होत नाहीत.

घरात दोन पक्ष पडायला वेळ लागला नाही. ही रंगाच्या बाजूची. "फोटोत इंजिन दिसतं का?" हा तिचा एका वाक्याचा जाहीरनामा. कन्येने मोबाइलवर रंगांचे नमुनेही काढून ठेवले होते. मी इंजिनाच्या बाजूचा. पण खरे सांगायचे तर माझ्याही डोक्यात दुरुस्ती नव्हती, हौस होती. निवृत्तीनंतर दुपारी व्हिडिओ पाहायची सवय लागली आहे. त्यातल्या तरुण मंडळींनी माझ्या मनात भरवून दिले होते की मोठा कार्ब्युरेटर बसवा, पोर्ट घासून रुंद करा, सहा व्होल्टची वायरिंग बारा व्होल्टची करा, ठिणगी इलेक्ट्रॉनिक करा. म्हातारी गाडी तरुणीसारखी धावेल. सुमारे १२ अश्वशक्तीच्या आमच्या गाडीला आणखी दोन-तीन घोडे जोडण्याची स्वप्ने मी ऐन साठीत पाहत होतो.

एक मत उरले होते, नानांचे. नानांनी पंच्याऐंशी ओलांडली आहे. काचबिंदूने त्यांची दृष्टी हळूहळू नेली. हा रोग गेलेली नजर परत देत नाही; उरलेली जपावी लागते. आता त्यांना उजेड आणि सावली एवढेच समजते. या माणसाने उभी हयात दर रविवारी इंजिन पुसले, प्लग घासला, चेनला ग्रीस दिले. तेव्हा त्यांचे मत इंजिनालाच पडणार, याविषयी मला तिळभर शंका नव्हती.

नाना जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "रंग द्या. इंजिन कशाला उघडता? राहू दे मिटलेलं."

ज्यांना रंग दिसत नाही, त्यांनी रंगाला मत दिले! ही विजयी मुद्रेने स्वयंपाकघरात गेली. मी मात्र तिथेच बसून राहिलो. कारण नानांनी इंजिन उघडू नका म्हणावे, याचा मला एकच अर्थ लागत होता. माझी चूक पुन्हा उकरली जाऊ नये, म्हणून ते मला सांभाळून घेत होते.

ती चूक आता सांगितलीच पाहिजे.

२००९ साली मला बोनस मिळाला. नाना तेव्हा सत्तरीचे होते. गाडी चढावर अडखळू लागली होती. "टाकी आतून बघायला हवी, कार्ब्युरेटरही साफ करून घे," असे त्यांनी मला दोनदा सांगितले. पण आम्ही त्या वर्षी नव्या शेजारात राहायला आलो होतो. समोरच्यांच्या दारात नवीकोरी गाडी उभी असे आणि आमच्या जावाचा मूळचा मरून रंग जागोजाग विटलेला. मी बोनस घेतला आणि गाडी सरळ रंगाऱ्याकडे नेली. मूळचा रंग न खरवडता, गंज न काढता, खड्डे लांबीने बुजवून त्याने तिला लालभडक करून दिली. मला ती फार देखणी वाटली. नानांना तेव्हा थोडेफार दिसत असे. त्यांनी टाकीवरून तळवा फिरवला आणि "गुळगुळीत झाली," एवढेच म्हणाले.

त्याच वर्षी चंपाषष्ठीला आम्ही दोघे जेजुरीला निघालो. दिवे घाटात, अर्ध्या चढावर, इंजिनाचा आवाज एकाएकी पातळ झाला, कर्रर्र झाले आणि मागचे चाक जागच्या जागी जाम झाले. टू-स्ट्रोक गाडी अशी जाम झाली तर त्या क्षणी क्लच दाबायचा असतो, म्हणजे चाक सुटते. नानांनी हे मला शाळेत असताना शिकवले होते. मला त्या क्षणी ते आठवले नाही. गाडी आडवी झाली. मला खरचटले. नानांचे डावे मनगट मोडले, खांदाही दुखावला. तो हात पुढे पुरता वर गेला नाही. गाडी टेम्पोत घालून घरी आणली आणि जिन्याखाली लोटली. त्या दिवसानंतर नाना तिच्यावर बसले नाहीत, मीही बसलो नाही आणि आम्ही दोघे त्याविषयी कधी बोललोही नाही. मध्यमवर्गीय घरात पुष्कळ गोष्टी अशा ताडपत्रीखाली असतात. घरातल्या प्रत्येकाला त्यांची जागा ठाऊक असते आणि प्रत्येक जण त्यांना वळसा घालून जातो.

नानांचे मत रंगाला पडले तरी गाडी एकदा तरी सुरू व्हायला हवी होती. तेव्हा मिस्त्रींना बोलावणे भाग पडले. हे मिस्त्री जावाच्याच गाड्या करीत म्हातारे झालेले. मी त्यांना माझी यादी वाचून दाखवली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, "साहेब, ताकद वाढवायची म्हणता; थांबवायची कशी? ब्रेक जुने, ड्रमचे. आधी थांबायची ताकद वाढवा."

मग पायरीवर बसून त्यांनी माझी शिकवणी घेतली. टू-स्ट्रोकचे सगळे भाग एकमेकांच्या मापाने घडवलेले असतात. पोर्ट वर घासला की ताकद इंजिनाच्या वरच्या फेऱ्यांत जाते आणि खालची ओढ कमी होते. म्हणजे मोकळ्या रस्त्यावर मौज, पण मांडवापर्यंत पायाच्या चालीने जायचे तर गाडी कुरकुरणार. मोठा कार्ब्युरेटर लावला की हवा-पेट्रोलचे माप नव्याने बसवा. वाढीव ताकद सोसायला क्रँक आणि बेअरिंग मजबूत हवे. इथे ते सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांचे. "ठिणगी इलेक्ट्रॉनिक करा, बारा व्होल्ट करा, त्याला माझी ना नाही, दिवा चांगला पडतो," ते म्हणाले. "पण ते सगळं नंतर. आधी ती मेली कशानं ते बघू."

त्यांनी गाडी नेली आणि चौथ्या दिवशी मला बोलावले.

फडक्यावर सगळे सुटे भाग मांडले होते. पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे होते. त्याच्या शेजारी कार्ब्युरेटरचा जेट ठेवला होता. हा पितळेचा एवढासा तुकडा, त्याला सुईच्या अग्राएवढे भोक, आणि सगळे पेट्रोल त्यातूनच जाते. ते भोक तांबूस भुकटीने जवळजवळ बंद झाले होते.

"टाकीतला गंज," मिस्त्री म्हणाले. "जेट चोंदला. चढावर गाडीला जास्त पेट्रोल लागतं, तेव्हाच ते कमी पडलं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी; ते त्याच्यातूनच येतं ना? गाडी तापली, पिस्टन फुगला, भिंतीला धरला." मग त्यांनी टाकी उचलून उजेडाकडे धरली. तळाशी रंगाचा फुगा खरवडून काढला होता आणि खाली टाचणीएवढी दोन भोके दिसत होती. "वरून रंग कोणी दिला हो हा? आत बघितलंच नाही कोणी."

रंगाऱ्याचे नाव मी सांगितले नाही. रंगाऱ्याने सांगितले तेवढेच केले होते. सांगणारा मी होतो.

त्या संध्याकाळी मी नानांच्या खोलीत गेलो. सोळा वर्षे जे बोललो नव्हतो ते एका दमात बोलून टाकले. तुम्ही दोनदा सांगूनही मी टाकी पाहिली नाही, बोनस रंगावर घातला, क्लचही दाबला नाही. तुमचा हात माझ्यामुळे गेला.

नाना ऐकत होते. माझे बोलणे संपल्यावर त्यांनी मला धीर देणारे काही म्हणावे, अशी माझी अपेक्षा होती. ते म्हणाले, "ऑइल होतं का रे त्यात?"

मला प्रश्न कळला नाही.

"त्या दिवशी सकाळी पेट्रोल मी भरून आणलं होतं," नाना म्हणाले. "पाच लिटरला पाव लिटर ऑइल. माप हातात घेतल्याचं मला आठवतं. तेवढ्यात तुझी आई डबा घेऊन आली आणि भंडारा घेतलात का म्हणून विचारू लागली. मी आत गेलो, परत आलो, झाकण लावलं. पण ऑइल ओतलं की नाही, ते मला आठवत नाही. तेव्हाही आठवत नव्हतं. नुसत्या पेट्रोलवर गाडी घाटात घातली तर ती जाम होणारच. तू पडलास, तुझं डोकं वाचलं. मी रोज म्हणायचो, पोरगं माझ्या विसरभोळेपणानं गेलं असतं. इंजिन उघडलं की कळणारच, म्हणून नको म्हणालो."

मंडळी, माझ्या पोटात कसे झाले ते मी सांगू शकत नाही. एका घरात, एका भिंतीच्या दोन बाजूंना, बाप आणि लेक सोळा वर्षे एकाच अपघाताचा दोष आपापल्या उशाशी घेऊन झोपत होते. दोघांनीही वरून गुळगुळीत रंग दिलेला! आणि आत काय चालले आहे याची एकमेकांना दाद नाही.

मी मिस्त्रींना फोन लावला. विचारले, "गाडी पडली त्या दिवशी पेट्रोलमध्ये ऑइल होतं की नव्हतं, हे आता कळेल का?"

"न कळायला काय झालं?" ते म्हणाले. "टाकीतला उरलेला माल मी बाटलीत काढून ठेवलाय. पेट्रोल उडून जातं, ऑइल उडत नाही. नुसतं पेट्रोल असतं तर सुकून लाखेसारखा पापुद्रा धरला असता. इथं तर काकवीसारखं तेल आहे. कार्ब्युरेटरच्या वाटीतही तेच होतं."

मी रात्रीच जाऊन ती बाटली आणली. हिने नाक मुरडले, पण काही बोलली नाही. दाराशी उभी राहिली. नानांनी बाटली हुंगली. दोन थेंब बोटांवर घेतले. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली. लांब केली, जवळ आणली. पुन्हा घासली. जन्मभर ज्या बोटांनी तेल ओळखले, त्यांना डोळ्यांची गरज नव्हती.

"आहे," नाना म्हणाले. "तेल आहे." आणि थोड्या वेळाने, "म्हणजे ओतलं होतं मी."

त्यांनी ती बोटे धोतराला पुसली. एरवी आमची ही धोतराला लागलेल्या तेलाच्या डागावरून केवढे रामायण करते! त्या रात्री ती म्हणाली, "नाना, कॉफी करते तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी वाद आपोआप मिटला होता. इंजिन करायचे ठरले. पण माझ्या यादीतले नव्हे, म्हैसूरहून आले तसे. सिलिंडर घासून गोल केला. मूळचा ६५ मिलिमीटरचा, आता साडेपासष्टचा. त्यात बसणारा वाढीव मापाचा पिस्टन मिळाला. यामुळे आमचे इंजिन सुमारे २४९ घनसेंटिमीटरचे २५३चे झाले. माझी ताकद वाढवण्याची हौस अखेर या चार घनसेंटिमीटरवर, म्हणजे आचमनाच्या पळीभर जागेवर भागली. क्रँकची बेअरिंग, ऑइलसील, कनेक्टिंग रॉड नवे घातले. टाकी आतून धुऊन गंज काढला. मग पेट्रोलच्या वाफेचा अंश राहू नये म्हणून ती पाण्याने भरून भोके झाळली. वाचकांपैकी कोणी हे काम करून घेणार असेल तर ही खबरदारी विसरू नये; रिकामी दिसणारी टाकीच भरलेल्या टाकीहून धोक्याची असते. इंजिनाला चोवीस हजार, टाकीला तीन, ब्रेक, टायर आणि वायरिंगला साडेअकरा. एकूण अडतीस हजार पाचशे. हिच्या अंदाजपत्रकातले दीड हजार शिल्लक उरले. हा आमच्या संसारातला पहिलाच प्रसंग.

आणि रंग? त्याची एक मौजच झाली. टाकीच्या दुरुस्तीसाठी मिस्त्रींनी माझा २००९ सालचा लालभडक थर खरवडला, तर त्याखालून मूळचा मरून वर आला. रंगाऱ्याने आळस करून जुना रंग काढला नव्हता, त्या आळसाने तो आमच्यासाठी राखून ठेवला. ठिकठिकाणी उडालेला, विटलेला, पण तोच. उघड्या पडलेल्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून तिथे तेवढा प्रायमर आणि वर मरूनचा एक हात दिला, इतकेच. गाडीच्या नोंदणीपुस्तकातही रंग मरूनच लिहिलेला आहे. मी गाडी लाल केली तेव्हा तो बदल आरटीओत नोंदवायला हवा होता, हे मला आता समजले. आणि गाडी आपल्या पहिल्या रंगावर परत आल्यामुळे तो एक हेलपाटा वाचला. नोंदणीचे नूतनीकरण, पर्यावरण कर आणि तपासणी हे सोपस्कार चालू आहेत. मार्गशीर्षापर्यंत कागद हातात पडावेत. तोवर गाडी अंगणातच सुरू करायची, रस्त्यावर काढायची नाही.

कन्येने टाकी पाहिली. मला वाटले, आता रुसवा. ती म्हणाली, "बाबा, अशीच राहू दे. फोटोत खरी दिसेल."

"आणि मी काय म्हणत होते?" ही म्हणाली. काय म्हणत होती ते आठवून देण्याचा मूर्खपणा मी केला नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तेवढे शिकलो आहे.

गेल्या रविवारी मिस्त्री गाडी घेऊन आले. नानांना हात धरून अंगणात आणले, खुर्ची दिली. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. प्रथम खोकली, निळा धूर सोडला आणि मग दोन्ही सायलेन्सरांतून तो जुना डुग-डुग-डुग आवाज येऊ लागला. नाना मान कलती करून ऐकत होते. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो.

"स्लो थोडा जास्त आहे," नाना म्हणाले.

मिस्त्रींनी कार्ब्युरेटरचा स्क्रू किंचित फिरवला. आवाज खाली बसला, सारखा झाला.

"आता बरोबर," नाना म्हणाले. मग उठून चाचपडत गाडीपाशी आले. टाकीवरून तळवा फिरवू लागले. डाव्या अंगाला, गुडघा टेकतो त्याच्या जरा वर, त्यांचा अंगठा थांबला. तिथे एक पोचा आहे. मी चौथीत असताना विटी-दांडू खेळताना माझ्या हातून पडलेला. नानांनी तो कधी भरून घेतला नव्हता. २००९ सालच्या रंगाऱ्याने तो लांबीने बुजवला होता. लांबी निघाली आणि पोचा परत आला.

"हा आहे होय अजून?" नाना म्हणाले, आणि अंगठा तिथेच ठेवून उभे राहिले.

मग त्यांनी मला बजावले, "पिस्टन नवा आहे. पहिले हजार किलोमीटर पळवायची नाही. आणि ऑइल ओतलं की मोठ्यानं म्हणायचं, 'ओतलं!' घरात कोणीतरी ऐकलं पाहिजे."

हा नियम आमच्या घरात आता लागू झाला आहे आणि तो ऑइलपुरता राहिलेला नाही. परवा हिने मला सांगितले, की लग्नाच्या खर्चाची तिला महिनाभर धास्ती वाटते आहे आणि ती कोणाला बोलली नव्हती. मीही मग बसून सगळे आकडे तिच्यापुढे मांडले. धास्ती गेली असे नाही. पण दोघांत वाटली गेली.

तर वाचकहो, रंग की इंजिन, या प्रश्नाचे उत्तर मी तुम्हाला देणार नाही. रंग वाईट असतो असे माझे म्हणणे नाही. सणाला नवे कपडे घालावेत, दाराला तोरण बांधावे, गाडीलाही रंग द्यावा. फक्त रंग देण्यापूर्वी एकदा टाकीचे झाकण उघडून आत डोकवावे.

हे लिहीत असताना न्हाणीघरातून घणाचे आवाज येत आहेत. शिल्लक दीड हजारांत हिने आणखी पाच हजार घातले आणि रंगाऱ्याऐवजी प्लंबरला बोलावले. फरशी उकरली आहे, घरभर धूळ आहे आणि भिंतीवर आफ्रिका तशीच आहे. यंदाच्या दिवाळीत फराळाला येणाऱ्या मंडळींना ती दिसेल. त्यांनी नि:संकोच यावे. नळ कुठे गळत होता, ते आम्ही त्यांना दाखवू.